मिरचीच्या ढिगापुढे अडलेली मोटार

शिरूर, शनिवार, संध्याकाळ

जमलं! गावाबाहेरून मोटाररस्ता मंजूर! पुण्याचे साहेब एरवी बाजार नसताना यायचे, मोकळी पेठ बघायचे आणि माझा नकाशा परत करायचे. आज मुद्दाम बाजाराच्या दिवशी आणलं त्यांना, तेही प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं. लबाडी झाली का ही? होऊ दे.

पेठेत मिरचीच्या ढिगापुढे मोटार अडली ती अडलीच. साहेब शिंकून शिंकून बेजार. शेवटी खाली उतरून मिरचीवाल्या बाईंना म्हणाले, "ढीग जरा मागे घ्या."

"न्हाई जमायचं. सासूपासनं जागा हाय ही. तुमची गाडीच न्या की गावाभायेरनं!"

साहेबांनी माझ्यापुढे हात केला. "आणा तो नकाशा."

सही करतानाही शिंकलेच. शाई फरफटली आहे. पण सही आहे!