बाटलीतलं नितळ पाणी

मंगळवार, संध्याकाळ. चाळीसगाव

आज बोगद्यात कुणाला काही झालं नाही. एवढंच लिहायला बसलेय, पण ती बाटली डोळ्यांपुढून हलत नाही.

सुरुंग लावण्याआधी आम्ही पुढच्या खडकात लांब, बारीक भोक पाडतो आणि त्यातलं पाणी बाटलीत भरतो. गढूळ आलं, की पुढे चिखल दबा धरून बसलाय असं समजायचं. सकाळी भरलेली बाटली मी जेवण झाल्यावर पाहिली. पाणी नितळ. वहीत 'स्वच्छ' लिहिलं आणि सुरुंगाला परवानगी देऊन मोकळी झाले. काय घाई होती मला?

ड्रिल चालवणाऱ्या नानांनी अर्धं आयुष्य विहिरी खोदल्यात. त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली. "ताई, गारा खाले बशेल शे. हालाई देखा."

हलवली. तळाशी बसलेला चिखल वर उठला. पाणी चहासारखं लाल, गढूळ!

लगेच सुरुंग थांबवला. बाजूने आणखी भोकं पाडली, तर लाल चिखल तासभर वाहत होता. सुरुंग उडाला असता, तर दगड उचलायला गेलेल्यांच्या अंगावरच आला असता सगळा. त्यांच्यात नानाही असते.

साहेबांना माझी चूक मीच सांगितली. ओरडले. बरं वाटलं. नानांनी मात्र डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी पुढे केली. किती दिवसांनी इतकी भूक लागली होती!

बाटली घरी आणलीय. खिडकीत ठेवली, तर पुन्हा नितळ, साळसूद.

वहीतलं 'स्वच्छ' खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. पुढे लिहिलं : 'न हलवता पाहिलं.'