बाबांच्या नावचा फोन

५ जानेवारी, सोमवार
लिहायला बसले, कारण आज टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. महिनाअखेर आमच्या भागातली जुनी तांब्याची लाइन बंद. नवी फायबरची घ्या, नंबर तोच राहील. मात्र ज्याच्या नावावर फोन आहे त्याने येऊन ओळख पटवावी. फोन बाबांच्या नावावर. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. बिल मी भरते, कोणी कधी विचारलं नाही.

हा नंबर गेला तर शिरूला घर सापडणार नाही. शिरू माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी घरातून गेला. तो जिथून गेला ती इमारत पाडली, गल्लीचं नावसुद्धा बदललं. मी डोंबिवलीतच, पण दुसरीकडे, सातव्या मजल्यावर. आमचं म्हणून त्याच्याकडे एवढे आकडेच उरलेत.

प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं नोंदी केल्या. याही करीन.

६ जानेवारी, मंगळवार
मुक्या फोनांच्या नोंदींची वही काढली, गेल्या सहा वर्षांची. वर्षाकाठी तीन-चार येतात, बहुतेक दुपारी चारच्या सुमारास. मी "हॅलो, कोण?" म्हणते. पलीकडे गप्प. पण ठेवून देत नाहीत. मी घड्याळ बघत बसते.

"शांतता ४० से. कोंबडा."
"शां. १ मि. ५ से. पाण्याचा पंप. कोणी अंगण झाडतंय."
"शां. २५ से. काही नाही. श्वास? खात्री नाही."

निष्कर्षाचा रकाना सगळीकडे कोरा ठेवलाय. त्या कोऱ्या रकान्यातच आजची दुपार गेली. खराट्याचा तसा आवाज मातीवरच येतो, फरशीवर नाही. म्हणजे मातीचं अंगण. कडेला पंप, पंपाखालचं ओलं, त्यावर कोंबडीची पावलं. ओट्यावर कोणीतरी बसलंय, पाठमोरं. केस विरळ झालेत. मी "शिरू" म्हटलं तर वळेल, पण माझ्या तोंडून "हॅलो, कोण?" एवढंच येतं.

झोपले नव्हते. डोळे उघडे होते. चहा केला.

९ जानेवारी, शुक्रवार
ठाण्याला, कंपनीच्या ऑफिसात. खोपटला एस.टी. डेपोच्या जवळ. टोकन घेऊन दीड तास. खिडकीवर पाटीलबाई, पन्नाशीच्या, तिथल्याच जुन्या गावातल्या.

"नावावर कोण?"
"वडील."
"त्यांना आणा."
"वारले."
"मग वारसांनी यायचं. किती जण?"
"दोन. मी आणि भाऊ."
"भावाची ना-हरकत, आधार, फोटो."
"भाऊ कुठे आहे माहीत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हरवलेत? पोलिसांत दिलंय?"
"हरवला नाही. गेला."

हे बाबांचं वाक्य. याच वाक्यावर त्यांनी तक्रार करू दिली नव्हती. आज माझ्या तोंडून जसंच्या तसं आलं.

पाटीलबाई पुढे वाकल्या. "मावशी, एकटीच हाय म्हणून लिवा ना. कोण बघायला बसलंय? एवढं खरं लिवलं की फॉर्म परत येतो."

आलेल्या फोनांची यादी मिळेल का विचारलं. मिळते, ग्राहकाने स्वतः मागितली तर. म्हणजे बाबांनी मागितली तर. "नियम मी नाय केलेत ओ," म्हणाल्या आणि हसल्या. मी हसले नाही.

म्हणजे भावाचा फोन येत राहावा म्हणून भावाची सही आणायची.

११ जानेवारी, रविवार
वर्तकनगरला नलूकडे. मामेबहीण, पण सख्खीपेक्षा जास्त बोलणारी. तिला सांगितलं, चुकलंच.

"कुंदे, कागदावर नसला म्हणून काय झालं? फोन तर वाजेल!"
"खोटं लिहून?"
"कंपनी काय खरं बोलते? 'आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है' म्हणून पाऊण तास गाणं ऐकवतात. तू एक ओळ खोटी लिहिलीस तर फिट्टंफाट."
मी पोह्यांतली मिरची बाजूला काढली.
"खऱ्याचा मक्ता तुझ्याकडे. त्या दिवशीही खरंच बोलली होतीस ना?"

मग तीच वरमली आणि आग्रह करून दुसऱ्यांदा पोहे वाढले.

त्या दिवशी: शिरूने तिसरी कायमची नोकरी सोडली होती. बाबा म्हणाले, या घरात बसून खायचं नाही. शिरूने माझ्याकडे बघितलं. मी साडीला इस्त्री करत होते. म्हणाले, "बाबा बरोबर बोलतायत." बरोबरच बोलत होते. त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, चपला घातल्या.

परतताना बसमध्ये खिडकीशी डोळा लागला. रस्त्याखालून तांब्याची तार चाललीये, खाडीच्या चिखलातून, पडक्या मिठागरांच्या बांधाखालून, आणि तारेत कोणीतरी बोटाने टिचकी मारतंय. टिचकी माझ्यापर्यंत यायला एकोणीस वर्षं लागतात. कंडक्टरने हलवून उठवलं. "मॅडम, लास्ट स्टॉप."

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
४.१० ला फोन वाजला.

"हॅलो, कोण?" शांतता. पंप नाही, कोंबडा नाही. एक लांबट घरघर, पंख्यासारखी.

मग मी बोलले. का, ते माहीत नाही. ठरवलं नव्हतं. "हा फोन बंद होणार आहे. लिहून घे." नवा पत्ता सांगितला. सातवा मजला, लिफ्टमधून उतरल्यावर डावीकडे. मोबाइल नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून, नमुन्याच्या बाटलीवरचा क्रमांक वाचून दाखवतात तसा. पुन्हा सांगितला. "बाबा गेले. आईही. इस्त्री आता मी बाहेर देते." हे शेवटचं कशाला म्हणाले!

शां. १ मि. ५० से. मग कट.

आजवरची सगळ्यात मोठी शांतता. निष्कर्षाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि उचललं.

संध्याकाळी शेजारच्या बाई तिळगूळ घेऊन आल्या. "आज खुशीत दिसता." मी म्हटलं, डोळ्यांत थेंब घातलेत.

१५ जानेवारी, गुरुवार
जुन्या लाइनची पाहणी करायला गायकर आले. कल्याणचे लाइनमन, पंचवीस वर्षांची ओळख. इमारत पाडली तेव्हा हाच नंबर नव्या घरी यांनीच आणून जोडला. चहा घेतात, साखर तीन चमचे. त्यांना मुक्या फोनांचं विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"ताई, ते मशीनचे असतात. जाहिरातवाल्यांचं मशीन एका वेळी दहा जणांना फोन लावतं. पहिला जो उचलेल त्याला पोरगी बोलते. बाकीच्यांना नुसती शांतता. मशीनला काय, माणूस मोकळा नसला तर मशीन गप्प."
"आणि कोंबडा?"
"कसला कोंबडा?"
"काही नाही."
"असे फोन करायचे नाहीत असा नियम आहे हो. पण नियम कागदावर, मशीन चालू."

ते गेल्यावर वही उघडली. घरघर पंख्याची असेल. मशीनची असेल. मी माझा पत्ता, मजला, डावीकडचं दार एका मशीनला सांगितलं.

नलूला फोनवर सांगितलं. आधी हसली. "आता कर्जवाले येतील बघ तिळगूळ घ्यायला, डावीकडचं दार विचारत!" मग तिच्याकडेच शांतता. मी घड्याळाकडे बघितलं, सवयीने. ११ से.

२० जानेवारी, मंगळवार
मोबाइलवर अनोळखी नंबर आला की आजवर उचलत नसे. आता उचलते. पाच दिवसांत: विमा, कर्ज, प्लॉट, गुडघ्याचं तेल, पुन्हा विमा. प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेते. विम्याच्या मुलीला विचारलं, "तू कुठून बोलतेस? मागे अंगण आहे का?"

"मॅम, मी ऑफिसमध्ये आहे. टार्गेट आहे. तुमचं वय सांगता?"
"सदुसष्ट."
"मग प्लॅन नाही बसणार मॅम," म्हणाली, पण ठेवला नाही लगेच. "तुम्ही जेवलात का?"

नागपूरकडची वाटली बोलण्यावरून. जेवले होते.

वही पुन्हा तपासली. सगळ्या मिळून एकवीस नोंदी. कोंबडा दोनदा, पंप चारदा, त्यांतल्या एकदा खराटाही. बाकी पंधरा मशीनच्या धरल्या तरी सहा राहतात. सहा पुराव्याला थोडे, सोडून द्यायला जास्त.

२३ जानेवारी, शुक्रवार
कल्याणला, कोर्टाजवळच्या नोटरीकडे. नलूचं ऐकायचं ठरवलं होतं. फोन वाजत राहणं महत्त्वाचं, कागदाला कोण विचारतो. रात्रभर स्वतःला हेच सांगत होते.

टायपिस्टने कागद हातात दिला. "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, मयतास माझ्याखेरीज अन्य कोणीही वारस नाही व नव्हता."

"नव्हता कशाला?"
"फॉरमॅट आहे, मॅडम."
"'नाही' इतकंच ठेवा."
"'नव्हता' काढलं तर खिडकीवर घेत नाहीत. त्यांना पुढे-मागे कोणी उभं राहायला नको असतं."

"नाही" कसंबसं लिहिलं असतं. आता नाही, इथे नाही, माझ्याजवळ नाही. पण नव्हता म्हटलं की गोवरात माझ्या मांडीवर पडून होता तो कोण? माझ्या कॉलेजच्या डब्यातला लाडू खाऊन त्या जागी कागदाचा बोळा ठेवायचा तो कोण?

नोटरी शिक्का हातात धरून थांबलेले. मी चाचणी स्वतः केल्याशिवाय अहवालावर कधी सही केली नाही. आणि या भावाविरुद्ध एक वाक्य मी एकदा बोललेय, इस्त्रीच्या टेबलाशी. दुसरं माझ्या सहीने जाणार नाही.

कागद फाडला. त्यांची फी दिली. "पुन्हा या," म्हणाले.

२८ जानेवारी, बुधवार
पुन्हा खोपट. पाटीलबाईंनी ओळखलं. "आणला कागद?"

"नाही. दोन्ही वारस लिहिणार. सही एकाचीच असेल."
"मग त्रुटी निघणार. नवी लाइन नाय मिळायची."
"आणि नंबर?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे घेतली. "ऐका मावशी. अर्ज नाय केलात, तर लाइन कापल्यावर नंबर सुटतो. मग तो कुणाला पन देतात. अर्ज नामंजूर झाला तरी तेच. पन त्रुटीत पडला, तर निकाल लागेपर्यंत नंबर अडकून राहतो. कुणालाच देता येत नाय."
"किती दिवस?"
"त्रुटीतले अर्ज कोन उघडतंय? माझ्या खालच्या कपाटात आहेत पडलेले."
"त्या दिवसांत त्या नंबरावर फोन लावला, तर काय ऐकू येतं?"

हे त्यांना कोणी विचारलेलं दिसत नव्हतं. स्वतःच्या मोबाइलवरून कपाटातला एक नंबर लावला, स्पीकर चालू केला. रेकॉर्डवरची बाई: "हा क्रमांक तात्पुरता बंद आहे." मग एक सुटलेला लावला. तीच बाई, तोच आवाज: "हा क्रमांक अस्तित्वात नाही."

दोन्ही पुन्हा लावायला सांगितले. मागच्या रांगेतले गृहस्थ ओरडले, "ओ बाई, रेडिओ लावलाय का?" पाटीलबाईंनी त्यांना खास गावच्या भाषेत गप्प केलं.

खोटं लिहिलं तर फोन वाजेल, पण तो उचलणारीला भाऊ नव्हता. खरं लिहिलं तर वाजणार नाही. लावणाऱ्याला फक्त कळेल की बंद आहे, तात्पुरता.

"सांगते परवा," म्हटलं. पण बसमध्ये चढतानाच ठरलेलं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार
दुपारभर फोनपाशी. वाजला नाही. साडेचारला रिसीव्हर उचलून नुसता कानाला लावला. ती एकसुरी घूं. आजवर कधी ऐकलीच नव्हती, नंबर फिरवायची घाई. बरंच पाणी एका जागी उभं असावं तसा आवाज. त्याच्या तळाशी सगळी बोलणी निजलेली, आईची, बाबांची, नलूचं बाळंतपण, कोणाचे निरोप, आणि ते एकवीस वेळचं गप्प. हात सुन्न झाला तेव्हा ठेवला.

गायकर पाचला आले. बाहेरच्या डबीतून तार सोडवली. आत यायला तयार नव्हते, मीच बोलावलं, वही वाचायला दिली. तीन चमचे.

"ताई, एक बोलू? मशीनचं मी म्हणालो खरं. पण मशीन दोन मिनिटं धरून ठेवत नाही. त्याला दहा-पंधरा सेकंदांत दुसरा लावायचा असतो."
"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"
"तेव्हा तुम्ही सेकंद सांगितले नव्हते."

३० जानेवारी, शुक्रवार
खोपट कार्यालयात स.११.४० वा. दिलं ते असं:

१. नावबदलाचा अर्ज, माझ्या सहीचा.
२. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३. माझं आधार, फोटो दोन.
४. टेलिफोन यंत्र, काळं, कंपनीच्या मालकीचं, वायरीसकट. पुसून दिलं.
५. वारसांची यादी. क्र. १, मी. क्र. २, शिरीष, नाते मुलगा, हयात. पत्ता: माहीत नाही.

पाटीलबाईंनी पाचव्या कागदावर "हयात"खाली बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी बघितलं. त्यांनी लाल पेनाने "त्रुटी" लिहिलं, पोच फाडून दिली, अर्ज खालच्या कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप नाही. विचारून घेतलं.

क्र. २ ची सही: जागा सोडली आहे.