आपण उद्या का हरू

बाई,

उद्या आमच्या मुलींची कबड्डीची फायनल आहे, आणि कॉलेजात सगळे धरूनच चाललेत की यंदा विद्यापीठाची ढाल आपलीच. प्राचार्यांनी पेढे सांगून ठेवलेत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आजच खाऊन टाका म्हणावं, उद्या कडू लागले तर काय घ्या." सराव संपवून मुली आत्ताच घरी गेल्या. मी जिमखान्याच्या खोलीत एकटीच बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फायनलच्या आदल्या दिवशी मला दुसऱ्या कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

आमच्या वेळीही सगळे असंच म्हणत होते. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. वडील नागपूरकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आलेले, माझ्या बोलण्यात अजून तिकडचा हेल होता आणि संघात मी राखीव. आदल्या संध्याकाळी तुम्ही आम्हा सगळ्यांना कसबा पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत जेवायला बोलावलंत. आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसलोय, मांडीवर ताटं, आणि तुम्ही आमच्याकडे पाठ करून पिठलं हलवताय. मागे न बघताच तुम्ही म्हणालात, "उद्या आपण का हरू, ते सांगा. एकेकीनं."

एक म्हणाली, मॅटवर आपला पाय घसरतो, आपण मातीवरच्या. दुसरी म्हणाली, त्यांची डाव्या कोपऱ्यावरची मुलगी घोटा पकडते तो सोडत नाही. तिसरी म्हणाली, "अडचण आली की आम्ही सगळ्या कॅप्टनच्या तोंडाकडे बघतो." तुम्ही नुसतं "हं" केलंत. तुमचं "हं" म्हणजे शाबासकी, हे तोवर मला कळलं होतं. मला वाटलं, आपणही काही छान बोलावं. म्हटलं, "आपण नाहीच हरणार, बाई." तुम्ही वळलात. "मग उद्या तू प्रेक्षकांत बस. तिथं सगळ्यांना असंच वाटतं." सगळ्या हसल्या आणि माझे कान तापले. हसली नाही ती एकटी कॅप्टन. तिच्या ताटातला भात तसाच होता. ती म्हणाली, "मी नसेन, म्हणून हरू. उद्या मला बघायला येणारेत."

तुम्ही गॅस बंद केलात. स्वतः जेवलाच नाहीत. आमची जेवणं होताच रिक्षा करून तिला घेऊन धायरीला तिच्या घरी निघालात. माझं घर त्याच रस्त्यावर, म्हणून मलाही बरोबर घेतलंत. तिच्या वडिलांनी अंगणात खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं. ते वाईट नव्हते, बाई. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो, अवघडलेला. "तुमचं समदं खरं हाय," ते म्हणाले, "पण पाव्हणं लांबनं येणार हायत. आता नगं म्हणलं तर मी तोंड कुठं दाखवू? आन् सामनं काय, दरसाल असत्यात."

"स्थळंही असतात," तुम्ही म्हणालात.

मग तुम्हीच आवाज खाली आणलात आणि एवढंच मागितलंत की कार्यक्रम आटोपला की भावानं तिला मोटारसायकलवरून मैदानावर सोडावं. त्यांनी मान हलवली. दारात उभी राहून ती सगळं ऐकत होती. आपण निघालो तेव्हा ती मला म्हणाली, "मी येईपर्यंत धरून ठेव गं."

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी तुम्ही मला उतरवलंत. पहिल्या दोन चढायांत मी बाद झाले. मग कधीतरी पाय मॅटला लागले आणि गुण मिळू लागले. हाफ टाइमला आपण थोड्याच गुणांनी मागे होतो. दुसरा डाव सुरू झाला आणि ती आली. अंगावर खेळाचे कपडे, पण तोंडाला पावडर, केसांत गजरा तसाच, आणि धावत आल्यामुळे श्वास लागलेला. "बाई, आले." मागून सगळं कॉलेज ओरडायला लागलं, उतरवा तिला, उतरवा. तुम्ही वेळ मागून घेतलात. मी बाहेर यायला पाऊल उचललंच होतं. तुम्ही मला विचारलंत, "दम आहे का?" मी म्हटलं, "आहे." "मग जा." आणि तिला म्हणालात, "तू बस."

शेवटची चढाई माझी होती. माझा घोटा त्यांच्या त्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीच्या हातात होता आणि माझी बोटं मधल्या रेषेच्या अलीकडे राहिली. दोन गुणांनी गेली ढाल. ती बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. आम्हाला धीर यावा म्हणून. त्यानंतर ती कधी खेळली नाही. उन्हाळ्यात लग्न होऊन ती साताऱ्याकडे गेली.

तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला नंतर कळलं. बाईंनी हातची ढाल घालवली, पोरीवर राग काढला, असं बरंच. तुम्ही कुणालाच उत्तर दिलं नाहीत. बऱ्याच दिवसांनी, आपण दोघी बुधवार पेठेतून शिट्ट्या आणि क्रेप बँडेज घेऊन परत येत होतो तेव्हा मी धीर करून विचारलं. तुम्ही चालत चालतच म्हणालात, "तिला उतरवलं असतं तर कदाचित जिंकलो असतो. पण मधेच उठवल्यावर तू परत मैदानावर आली नसतीस. ती कशीही परत आली असती, तू नाही." मी म्हटलं, "पण बाई, तीही नाही आली." दगडूशेठ गणपतीपाशी गर्दी होती. तुम्ही माझा दंड धरून मला पलीकडे नेलंत आणि मग म्हणालात, "हो. तिच्या बाबतीत माझं चुकलं असेल."

मी मात्र आले. खेळले, शिकले, आणि आज तुमच्यासारखीच शिट्टी गळ्यात घालून इथे बसले आहे. आज सरावानंतर मुलींना तोच प्रश्न विचारला. एक म्हणाली, "मॅडम, ओव्हरकॉन्फिडन्स. सगळ्यांनी स्टेटस ठेवलेत ऑलरेडी." दुसरी म्हणाली, समोरच्या मुली मागच्या वर्षी हरलेल्या आहेत, चिडून खेळतील. माझी सगळ्यात चांगली चढाईपटू शेवटी बोलली. तिचा गुडघा सुजलाय. डॉक्टरांनी जेमतेम पाच मिनिटं खेळायला परवानगी दिली आहे. "मी पूर्ण खेळणार नाही, म्हणून हरू," ती म्हणाली. "शेवटची पाच मिनिटं मला द्या ना, मॅडम. हे माझं लास्ट इयर आहे." तिच्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी खेळणार आहे. ती शेजारीच बसली होती, बुटाची लेस पुन्हा पुन्हा सोडून बांधत. मी दोघींनाही म्हटलं, "उद्या बघू."

पण बघायचं काही राहिलेलं नाही. आता इथे बसून लिहिताना ते माझ्या लक्षात आलं. तुम्ही मला उठवलं नाहीत, त्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, आणि तरीही, बाई, त्या दिवशी तुमच्या जागी मी असते तर मला बाहेर काढून तिला उतरवलं असतं.