एका ठोक्याला एक शब्द

दि. ३ मार्च

चि. तोफ्या यास, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बघतो म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

बाबांचा उजवा हात आता चमचा धरतो. पण झटका आल्यापासून शब्द गेले ते गेलेच. समजतं सगळं, ओठांशी येतं आणि अडतं. मग चिडतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. हल्ली तर प्रयत्नच सोडलाय. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, काही जणांना जे बोलता येत नाही ते ठेक्यावर म्हणता येतं. गाणी लावा, हाताने ताल धरायला लावा. मी त्यांची आवडती, संथ जुनी गाणी लावली. त्यांना छान झोप लागली.

काल त्यांच्या फर्निचरच्या कारखान्याचा माळा आवरताना तुमच्या बँडची सीडी सापडली. घरी आणून गंमत म्हणून लावली. ते तुमचं रॅप-मेटल, अर्धं भांडण आणि अर्धी गिरणी! बाबा खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला लागले, आणि तुम्ही सगळे मिळून ओरडता तिथे तेही ओरडले. नाही! अगदी स्वच्छ. मी इस्त्री तशीच ठेवून धावले, तुझ्या मेहुण्यांचा शर्ट जळाला. बाई म्हणतात, हेच हवं. तेव्हा असेल ते पाठव, आणि जमलं तर स्वतःलाही पाठव. एकदाही आला नाहीस.

माया आहेच, तिची परीक्षा घेऊ नकोस.
तुझी ताई

दि. ११ मार्च

ति. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा बोलले हे वाचलं आणि दुकानात गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा घातला.

माझ्याकडची सीडी गाडीच्या काचा वर करून ऐकली. ताई, काही गोष्टी म्हाताऱ्या होतात, काही नुसत्या शिळ्या होतात. मध्येच डीजे तबकडी मागेपुढे घासतो तो आवाज आता अडकलेल्या ड्रॉवरसारखा वाटतो. मुलींबद्दलची कडवी मी केवढ्या रुबाबात म्हटली होती! दोन मुलींचा बाप म्हणून ऐकताना मान वर होईना. आणि तो राग. आम्ही साऱ्या व्यवस्थेवर तुटून पडत होतो आणि आई जेवण झाकून ठेवत होती. कोणावर एवढे चिडलो होतो ते आता आठवतही नाही. टिकलाय तो आमच्या ड्रमवाल्या मित्राचा, धडामचा ड्रम. सगळं थांबतं, श्वासभर शांतता, आणि मग एकदम कोसळतं, तिथे अजून अंगावर काटा येतो.

पण त्या गाण्यांत नाही हा शब्द आणि शिव्या यांपलीकडे काही नाही. ते बाबांच्या तोंडी घालायला मन धजत नाही. आणि येण्याचं म्हणशील, तर एका शब्दासाठी धडपडणारे बाबा मला बघवणार नाहीत. भित्रा म्हण हवं तर.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा तोफ्या

दि. १८ मार्च

चि. तोफ्या यास, आशीर्वाद.

भित्रा आहेसच, त्यात नवीन काय. आम्हाला रोज बघवतं असं समजू नकोस.

शिव्या नकोत तर नवे शब्द लिही. बाबांना व्यवस्था उलथवायची नाही, पाणी मागायचंय. पंखा, दार, उशी, दुखतं, नको, पुरे. काल चहा नको हे सांगता येईना म्हणून त्यांनी कप ढकलला आणि मग रडले. आईच्या वेळीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाई म्हणतात, आता प्रयत्न सोडला तर पुढे अवघड आहे. तेवढं कर रे.

तुझी ताई

दि. २ एप्रिल

ति. ताईस, सा. न. वि. वि.

सोबत पेनड्राइव्हवर गाणं आहे. रविवारी धडामच्या दवाखान्यात रेकॉर्ड केलं. दातांचा डॉक्टर ड्रम बडवतोय म्हणून वॉचमन सारखा डोकावत होता. माझा घसा बसलाय, हसू नकोस.

तेव्हा एका दमात ढीगभर शब्द कोंबायचो आणि म्हणायचं काहीच नसायचं. आता एका ठोक्याला एक शब्द. पाणी. द्या. उशी. वर. पंखा. नको. तो आवाज मुळात याच कामाचा होता की काय, असं लिहिताना वाटून गेलं. तिसरं कडवं घरातल्या माणसांवर आहे. तिथे मात्र मला जरा भरून आलं.

बाबा काय करतात ते लगेच कळव.
तुझा तोफ्या

दि. २१ एप्रिल

चि. तोफ्या यास, पोटभर आशीर्वाद.

सुरुवातीला बाबांनी नुसतं ऐकलं. मग मूठ, मग पाणी, मग द्या. आता नको म्हणतात ते असं, की तुझे मेहुणे दचकतात. शेजारच्या काकू विचारून गेल्या, घरात काही दुरुस्ती चालली आहे का. मी म्हटलं, हो.

खरी बातमी पुढेच आहे. काल तिसरं कडवं सुरू झालं आणि बाबांनी हात वर करून थांबवलं. मला वाटलं दमले. तर खुर्चीवर ठेका धरून एकेक शब्द ठेवत गेले. तिसरं. ढिलं. आहे. परत. कर.

खिळखिळी खुर्ची पुढे आली की कारागिरांना सांगायचे ना, त्याच आवाजात. हे वाक्य तू लिहिलं नव्हतंस, बाईंनी शिकवलं नव्हतं. ते बाबांचं स्वतःचं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

तुझी ताई

दि. २५ एप्रिल

ति. ताईस, सा. न. वि. वि.

तिसरं ढिलंच आहे. धडामने मैत्रीखातर सांगितलं नाही, बायको छान म्हणाली. भरून आलं तसा मी शब्द लांबवत गेलो आणि ठोका सुटला. एवढ्या वर्षांत लोकांनी आमच्या गाण्यांना टाळ्या दिल्या, कानांवर हात ठेवले, पण नेमकं कुठे चुकलं हे सांगणारे बाबा पहिलेच.

धडामने शनिवारचे पेशंट पुढे ढकललेत, ड्रम गाडीत चढवलाय. कडवं इथे दुरुस्त करून पाठवणार नाही. तिकडे येऊन बाबांसमोर बसून करणार, आणि ते ठीक म्हणेपर्यंत उठणार नाही. ठीक हा शब्द मी गाण्यात घातलेला नाही, तो त्यांचा त्यांनाच शोधावा लागेल. कितीही वेळ लागला तरी मी समोर बसून बघेन.

बाकी लोभ आहेच, शनिवारपर्यंत सांभाळ.
तुझा तोफ्या