तुझा घसा का बसत नाही?

प्रिय भोंगाबाई,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलं तेव्हा तू जेमतेम बसायला लागली होतीस, पण तुझं रडणं जिना उतरून खालच्या किराणावाल्यापर्यंत पोचायचं. पुढे माझ्याच शाळेत तू इंग्रजी शिकवायला लागलीस, तेव्हा शिपाई मला म्हणाला होता की बाई, तुम्ही निवृत्त झालात पण जाताना पोरीला ठेवून गेलात, आता घंटा बिघडली तरी आमचं अडत नाही. तोच आवाज ऐकायला मी दर शुक्रवारी फोनपाशी बसते, आणि त्या आवाजाबद्दलच आज लिहायचं आहे. पत्र वरच्या मजल्यावरच्या नर्सच्या हाती देतेय. तिची रजा संपली, ती परत आखातात, तुमच्या तिकडच्या दवाखान्यात रुजू व्हायला निघाली आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. त्याचं कारण असं की तुझा फोन आला रे आला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि सगळं घर भोवती गोळा होतं. मला जे विचारायचंय ते असं चारचौघांत विचारता येत नाही. पण आधी घरचं ऐक, म्हणजे मलाही जरा धीर येईल.

बाबा बरे आहेत. घड्याळं दुरुस्त करून घ्यायला हल्ली कोणी येत नाही, तरी डोळ्याला भिंग लावून दुकानात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा पगार सांगतात. त्यांच्या तोंडी आधी तू तिकडे शिक्षिका होतीस, मागच्या महिन्यात प्राध्यापक झालीस, असंच चालू राहिलं तर वर्षअखेर कुलगुरू होशील. तुझ्या पैशातून स्वयंपाकघरातला नळ बदलला, भिंतीची ओल गेली. धाकटी मात्र जरा फुरंगटून असते. तिच्या बालवाडीचा पगार महिन्याच्या मध्यावरच मान टाकतो, आणि वर बाबा उठताबसता तिला तुझं उदाहरण देतात. ती उलटून बोलत नाही, पण तुझा फोन आला की तीच आधी धावते. ताई, वर्गात एसी आहे का, फळा आहे की पडदा, मुलं उभं राहून नमस्ते म्हणतात की गुड मॉर्निंग, सतरा प्रश्न. तू म्हणतेस, छान आहे. तुझं सगळं छानच असतं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकते.

हसू नकोस. घरात मला तपासनीस म्हणतात हे मला माहीत आहे. दुधाची पिशवी मी हातात तोलून घेते, औषधाच्या बाटलीचं सील दोनदा बघते, आणि कोणी फार गोड बोलायला लागलं की पर्स दुसऱ्या खांद्यावर घेते. तो कोटवाला एजंट पहिल्यांदा आपल्याकडे आला तेव्हा भर उन्हाचा आला होता, अंगात कोट आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. मला तो तिथेच खटकला. आखातात इंग्रजीच्या शिक्षकाला किती मिळतं ते तो इतकं रंगवून सांगत होता की बाबा भिंग काढायचंच विसरले. इथल्या चौपट पगार, त्यावर कर नाही, राहायला घर, वर्षाला विमानाचं तिकीट. मी एवढंच म्हणाले की तुमच्या जाहिरातीत आकड्याआधी ‘अप टू’ छापलंय, म्हणजे तिथपर्यंत, आणि तिथपर्यंतमध्ये शून्यसुद्धा बसतं. तो हसला. तूही हसलीस. आई, तुझं व्याकरण घरी ठेव, म्हणालीस. मी मुकाट्याने ठेवलं.

पण कान कुठे ठेवू? मला सांग, तुझा घसा का बसत नाही? इथल्या शाळेत होतीस तेव्हा आठवडा संपेपर्यंत तुझ्या गळ्यातून नुसती हवा यायची. मिठाच्या पाण्याचा तो कान तुटलेला कप बेसिनच्या कडेला कायम असायचा, तू गुळण्या करायचीस आणि धाकटी बाहेरून तुझी नक्कल करायची. माझंही आयुष्य त्याच गुळण्यांत गेलं. नवा वर्ग मिळाला की आवाज जातो, परीक्षा जवळ आली की पुन्हा जातो, यात सूट कोणालाच नसते. आणि तू तर सांगतेस की वर्ग भरगच्च आहे, पोरं महादंगेखोर आहेत. मग इतक्या महिन्यांत तुझा आवाज एकदाही चिरकू नये? उलट तो मऊच होत चाललाय. शेजारी कोणी झोपलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये, तशी तू बोलतेस. आमच्या भोंग्याला असं कुजबुजायला कोणी शिकवलं?

बरं, वह्यांचं काय? जगाच्या पाठीवर असा शिक्षक मी पाहिलेला नाही जो वह्या तपासण्यावरून कुरकुरत नाही. तू तर घरात वह्यांचा गठ्ठा आपटायचीस, एकेकाची स्पेलिंगं मोठ्याने वाचून दाखवायचीस, आपण तिघी पोट धरून हसायचो. तिकडच्या पोरांची एकही चूक तू मला अजून सांगितली नाहीस. इतकी शहाणी पोरं असतील तर त्यांना शिक्षक हवाय कशाला?

म्हणून नर्स रजेवर आली तशी मी तिला चहाला बोलावलं आणि तिकडच्या पगारांचा विषय काढला. ती बिचारी भोळेपणाने सगळं सांगत गेली. म्हणाली, चांगल्या शाळांतून इंग्रजीच्या शिक्षकांना खरंच भरपूर मिळतं, पण आधी पासपोर्ट कुठला ते बघतात. विषय तोच, व्याकरण तेच, पासपोर्ट बदलला की पगार निम्मा होतो. बऱ्याच लहान शाळा तर उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत पगारच देत नाहीत, तेव्हा तिच्या ओळखीच्या शिक्षिका हात आखडून दिवस काढतात. माझा चहा तसाच राहिला. तुझे पैसे त्या सुट्टीतही आले होते. तेवढेच, तसेच. सुट्टी लागली असं तू एकदाही म्हणाली नव्हतीस.

मी स्वतःला दटावलं. म्हटलं, पोरीला चांगली शाळा मिळाली असेल, तुला मेलीला कुठे चांगलं बघवतंय. दोन आठवडे मी संशयाला घराबाहेर उभं केलं. मग तो फोन आला ज्यात तू बाबांशी बोलताबोलता मध्येच थांबलीस, आणि लांबून कोणीतरी हाक मारल्यावर म्हणालीस, ‘कमिंग, मॅडम.’ बाबांना वाटलं मुख्याध्यापिका. धाकटीलाही तसंच वाटलं. पण त्याच्या आदल्याच फोनवर तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस की तिकडे शाळेत मॅडम हा शब्दच नाही, झाडून सगळ्या मिस. माझ्या पेशाला एकच खोड आहे, शब्द कानावर पडला की तो विसरत नाही. शाळेत सगळ्या मिस, तर मग ही मॅडम कुठली?

नर्सला मी पुन्हा गाठलं. मागच्या रजेनंतर ती परत निघाली तेव्हा तुला द्यायला मी तिच्याबरोबर तो लोकरीचा कोट पाठवला होता, एसीत थंडी वाजते म्हणालीस म्हणून. कोट घ्यायला तू कशी आली होतीस, एवढंच विचारलं. ती म्हणाली, सकाळीच आली होती, दोन्ही हातांना दोन मुलं होती, धाकट्याचं नाक पुसत होती, भारी लाघवी मुलं हो काकू, आणि काय छान इंग्रजी बोलतात. शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेला. मी तिला म्हटलं, हो, तिला मुलांची आवड आहेच. आणि खाली येऊन नळ सोडून रडले, म्हणजे बाबांना ऐकू जाऊ नये.

तू कोणाच्या तरी घरी मुलं सांभाळतेस ना गं? त्यांना इंग्रजीत भरवतेस, इंग्रजीत झोपवतेस, आणि कोटवाल्याच्या हिशेबात त्याचंच नाव इंग्रजीची शिक्षिका. त्या कामाची मला लाज वाटत नाही. तुम्हा दोघींना मी शाळेत जायचे तेव्हा शेजारच्या काकूंनीच सांभाळलं, त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. मला वाईट याचं वाटतं की विमानतळावर उतरल्यावर शाळा नाही हे कळलं असेल, तेव्हा तू एकटी होतीस. आणि तो घोट एकटीने गिळून दर शुक्रवारी आम्हाला छान आहे, छान आहे म्हणत राहिलीस. बाबांचा चेहरा तुला फोनमध्येही दिसत असेल. मला दिसतो म्हणून तर मीही त्यांना काही बोललेले नाही.

हे सगळं मी पोटातच ठेवलं असतं. तू आपणहून सांगशील तोवर थांबले असते. पण धाकटीने बालवाडीचा राजीनामा दिलाय. तुला हे माहीत नसेल, कारण तिला तुला चकित करायचंय. कोटवाला तिची सगळी मूळ प्रमाणपत्रं घेऊन गेलाय, पुढच्या आठवड्यात तिचं विमान आहे, बॅग कॉटखाली भरून ठेवली आहे. मी अडवायला गेले तर म्हणाली, आई, तुला तर दुधातही काळं दिसतं, ताई बघ कशी मजेत आहे. आणि कोटवाला जाताना दारात काय म्हणाला ते ऐक. म्हणाला, बहिणीचं नाव तुमच्या मोठीनेच सुचवलं, आणलेल्या माणसामागे तिलाही आम्ही काही देतो. मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला पोरी, हा एक घेणार नाही. कोणाला विचारणार नाही, शहानिशा करणार नाही. तो खोटं बोलतोय. आता या शुक्रवारी फोन करशील तेव्हा स्पीकर चालूच असेल, बाबा शेजारी असतील, तुझी जीभ रेटणार नाही. तू फक्त एवढंच म्हण, आई, घसा बसलाय. बाकी काही नको. धाकटीला बाजूला घेऊन सगळं सांगायचं काम माझं, तुझा शब्द आहे म्हटल्यावर ती बॅग स्वतःच उपसेल. तुझा पासपोर्ट तुझ्याजवळ आहे की त्या मॅडमजवळ, तेवढं नर्सला सांग; तिला आता मी सगळं सांगितलंय, ती म्हणते, परत यायची वाट काढता येते. बाबांची काळजी नको, कुलगुरूही कधीकधी राजीनामा देऊन घरी येतात असं मी त्यांना समजावीन. आणि माझं सगळंच चुकलं असेल, तू खरंच वर्गात उभी राहून शिकवत असशील, तर फोनवर माझ्यावर इतकी ओरड, इतकी ओरड, की खालच्या किराणावाल्याला ऐकू गेलं पाहिजे. तो कान तुटलेला कप मी घासून बेसिनच्या कडेला ठेवलाय.

तुझीच,
तपासनीस आई