बाबांना उचलण्याची पद्धत

उरण,
मंगळवार

तीर्थस्वरूप केसरताईस,

जीवनचा नमस्कार. तुझा गुडघा, रावजी भावोजींची साखर आणि तुमच्या होमस्टेला येणारी पुण्याची गिऱ्हाइकं, तिन्ही आटोक्यात असावीत. इकडे सर्व ठीक. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी ‘अगं पण’ एवढंच म्हणतो. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

परवा तू म्हणालीस की बाबांना तुझ्याकडे नागावला यायचंय, त्यांनी स्वतः तुला सांगितलं. (फोन त्यांच्या कानाला कुणी लावला, हे मी हिला विचारलं. ही भांडी घासायला गेली.) तर मुद्दा स्पष्ट करतो. लकवा मारल्यापासून बाबांची उजवी बाजू गेली, बोलणं सावकाश झालं, आणि आजारी माणूस काहीही बोलतो. मुलगा धडधाकट असताना बाप लेकीच्या दारात जाऊन राहिला, तर मी गावात कुठल्या तोंडाने फिरू? तेव्हा गाडी पाठवू नये.

आता त्या पट्ट्याबद्दल, कारण तुझ्यापर्यंत अर्धवट माहिती गेली आहे. कंटेनर यार्डात माल बांधण्याचं काम मी बघतो. नववीनंतर जे शिकलो ते बघून बघून शिकलो, आणि मी बांधलेला माल आजवर सरकलेला नाही. बाबांना खाटेवरून खुर्चीत बसवताना हिची कंबर धरली, तेव्हा मी या प्रश्नात लक्ष घातलं. मधल्या खोलीच्या स्लॅबला पोरांच्या पाळण्याची कडी अजून आहे. तिच्यातून माल बांधायचा रुंद पट्टा ओवला (नवा, विकत घेतलेला, यार्डातला नव्हे), त्याला खटक्याखटक्याने पट्टा वर ओढणारं हँडल बसवलं, आधी तांदळाच्या गोणी टांगून चाचणी घेतली आणि मगच बाबांना उचललं. अंगावर ओरखडा उठला नाही. फक्त वर गेल्यावर ते सावकाश गोल फिरू लागले. हे गोणींच्या वेळी लक्षात आलं नव्हतं, कारण गोणीचं तोंड कुठल्या बाजूला आहे याने काही बिघडत नाही. एकदा भिंतीकडे, एकदा दाराकडे, असे ते फिरत असताना दारात नेमका शेजारचा अंबाजी विरजण मागायला उभा. ‘काय रं जीवन, बापसाला वजनाला लावलास काय?’ बाबा म्हणाले, ‘उतरव.’ मी उतरवलं. त्या दिवसापासून मी खोलीत गेलो की बाबा डोळे मिटतात. (ही झोप नव्हे. झोपेत ते घोरतात.)

त्यानंतर हिने मला न विचारता माझं नाव समाजमंदिरातल्या वर्गात घातलं. ज्यांच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे त्यांच्यासाठी एका संस्थेने हा वर्ग काढलाय. शिकवायला नेत्रा मॅडम, नर्सिंग केलेल्या, वय तुझ्या लेकीएवढं, प्राप्तीएवढं. मी शिकायला गेलो नव्हतो. माझी पद्धत त्यांच्या शिकवण्यात घालावी असं सुचवायला गेलो होतो, आकृती काढून. मॅडमनी आकृती नीट बघितली, रेघा सरळ आहेत म्हणाल्या, आणि मलाच टेबलावर निजवलं. मी रुग्ण. अंग हलवायचं नाही, आणि काही म्हणायचं झालं तर आधी मनात दहापर्यंत मोजायचं, मगच तोंड उघडायचं.

मला खुर्चीत बसवायचं काम आलं अंबाजीकडे. (त्याची बायको सोनाबाई अंथरुणाला खिळून आहे, म्हणून तोही वर्गात.) अंबाजीने येताच माझ्या काखेत हात घातले. मी मोजायला सुरुवात केली. ‘जड हाय रं हा, पाय धरा कोणी तरी!’ म्हणत त्याने आणि आणखी दोघांनी मला उचललं, तेव्हा मी चारवर होतो. सदरा वर गेला, पोट उघडं पडलं, आणि मी तिथे नसल्यासारखी माझ्या पोटावर चर्चा सुरू झाली. ‘घरात बरा खायला मिलतंय याला.’ मग कुणी तरी केळं आणलं. मला केळं आवडत नाही हे सांगायला मी सातवर पोचलो होतो, तेवढ्यात ते तोंडात आलं. ताई, मी यार्डात चाळीस माणसांवर ओरडतो. तिथे मी केळं गिळलं.

मग मॅडमनी मला परत निजवायला लावलं आणि स्वतः आल्या. हात लावला नाही. स्टूल ओढून माझ्या डोळ्यांच्या उंचीला बसल्या, म्हणाल्या, ‘जीवनदादा, आता उठून बसायचं का?’ आणि गप्प राहिल्या. पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. (बेअरिंग गेलंय.) या बाई करतात काय ते बघावं म्हणून मी मुद्दाम ‘नाही’ म्हटलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि बसून राहिल्या. मी पडून राहिलो. अंबाजी म्हणाला, ‘मॅडम, असा तर हा संध्याकालपर्यंत लोळेल.’ मॅडम म्हणाल्या, ‘नाही म्हणायची सोय नसेल तर ते विचारणं कसलं, काका? ती नुसती सूचना झाली.’

यात तथ्य किती, हे तपासायला मी घरी प्रयोग केला. स्टूल घेतलं, बसलो, विचारलं, ‘बाबा, आंघोळ आता की नंतर?’ डोळे मिटलेलेच. मी थांबलो. (थांबणं हे वाटतं त्यापेक्षा अंगमेहनतीचं काम आहे.) बऱ्याच वेळाने एक डोळा उघडला. ‘नंतर.’ तेव्हापासून घराचं वेळापत्रक कोसळलं आहे. चहा नंतर, गोळी जेवणाआधीची असूनही नंतर, आंघोळ तर दुपार टळल्यावर. नवीन निवडून आलेल्या सरपंचासारखे ते एकेका गोष्टीवर विचार करतात. पण डोळे उघडे असतात, आणि उचलताना आता डावा पाय स्वतः रेटतात, त्यामुळे पट्ट्याची गरज उरलेली नाही. पद्धत चुकीची होती असं मात्र नव्हे.

एकंदरीत बाबा इथे व्यवस्थित आहेत. तू काळजी करू नये, आणि वर म्हटल्याप्रमाणे गाडी पाठवू नये. भावोजींना नमस्कार, प्राप्तीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
जीवन

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी मोठा प्रश्नही विचारून टाकावा असं वाटलं, म्हणजे पत्र पूर्ण होईल. ‘बाबा, इथे राहायचं की ताईकडे जायचं?’ विचारून थांबलो. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला मान खाली घालावी लागली. मग म्हणाले, ‘मना केसरकडं जायाचा हाय.’ गाव, दवाखाना, तुझा गुडघा, अशी माझी उत्तरं तयार होती. मी ‘बरं’ म्हटलं. तर रविवारी गाडी पाठव. पुढची सीट पूर्ण मागे सरकते ना, ते भावोजींनी आधी बघून ठेवावं.

ता. क. २. गाडी गेल्यावर संध्याकाळी मला एक फोन कर आणि मी कसा आहे ते विचार. मी आधी मोटारीचं, नळाच्या पाण्याचं, काही तरी सांगेन. तू मध्ये बोलू नकोस. जरा थांब.