काटा बेचाळीसवर

१० नोव्हेंबर, सोमवार

वाचलो! रुळांच्या टोकाच्या बफरपासून एका हातावर गाडी थांबली. बफरपलीकडे माणसं उभी होती!

टर्मिनसमध्ये शिरताना फलाटाच्या तोंडाशी ताशी तीसची वेगमर्यादा. पाटी दिसली की मोठ्यानं म्हणायचं, "तीस!" मोटरमन म्हणून एकतीस वर्षं म्हणतोय, केबिनमध्ये एकटाच असलो तरी. आजही म्हणालो. आणि काटा बेचाळीसवर! तोंडानं म्हटलं म्हणजे हातानं ब्रेक लावलाच असणार, असं धरून बसलो. गाढव कुठला! चार महिन्यांवर रिटायरमेंट आलीय.

मागच्या केबिनमधून गार्ड सिद्धेशनं इंटरकॉमवर विचारलं, "काका, काय झालं?"

"ब्रेक नरम लागले रे." निघून गेलं तोंडातून. मग गाडीच्या नोंदवहीतही तेच लिहिलं.

११ नोव्हेंबर

चौकशी होईपर्यंत मला गाडी नाही. ब्रेक तपासून सही केलेली सुदेशनं — शहाडचा सुदेश! त्याच्या मागे लागून रेल्वेचा फॉर्म मीच भरून घेतलेला. अजून पक्का झालेला नाही. हे त्याला चिकटलं तर नोकरी गेली.

पण गाडीचा वेग यंत्रात उतरतो. खरं काय ते निघेलच, मी बोलायची गरज नाही. जेवण मात्र गेलं नाही.

१३ नोव्हेंबर

यंत्रातली त्या फेरीची नोंद उघडतच नाही म्हणे! साहेब म्हणाले, "आता तुमचाच शब्द."

मला आनंद झाला. हो, झाला! लाज वाटायला पाच मिनिटं लागली.

१४ नोव्हेंबर

सुदेश डोंबिवलीला घरी आलेला. चहा तसाच ठेवला. "काका, तुम्ही म्हणताय म्हणजे ब्रेक नरमच असणार. माझ्याच हातून राहिलं असेल. मी तसं लिहून दिलंय."

तो गेल्यावर संचिता म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याच्याकडे बघत का नव्हता?" पोरीवरच खेकसलो.





१६ नोव्हेंबर

भाजी आणायला स्कूटरवरून मानपाड्याला निघालो. शाळेपाशी वेगाची पाटी आली. तोंडातून आपसूक निघालं — "तीस!"

काट्याकडे बघितलं. चाळीस.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून कितीतरी वेळ तसाच बसलो. भाजी राहिलीच.

१७ नोव्हेंबर

लिहून दिलं. ब्रेक ठीक होते, काटा बेचाळीसवर होता, चूक माझी. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "परत घेताय का?" — नाही म्हणालो. सही नीट आली.

१८ नोव्हेंबर

सुदेशला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक होतं, काका. ब्रेक मी दोनदा बघितलेले. तुमचे चारच महिने राहिलेले ना!"